आज ती कुणाकडं बघत न्हाई

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की एक कच्चा रस्ता डोंगराकडे वळायचा. त्याच्या टोकाला आमचं हॉस्पिटल होतं. मूळची इमारत कसल्याशा कोठाराची. सरकारनं तिला उंच भिंत घातली, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या आणि कोर्टाकडून आलेल्या मनोरुग्णांना तिथे ठेवायला सुरुवात केली. मी बायकांच्या बंद वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. पंचविशी नुकतीच ओलांडली होती. महाळुंग्याच्या आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली नर्स, त्यामुळे पहिल्या दिवशी एस.टी.वर सोडायला निम्मा वाडा आला होता.

वॉर्डाची भीती आठ दिवसांत गेली. एक आजी दिवसभर नळापाशी बसून गेलेल्या मुलाशी बोलायची. आम्ही पाणी भरायला गेलो की आधी त्या मुलाला बाजूला सरक म्हणायचो, मग बादली लावायचो. दुसरी एक बाई जेवणात विष आहे म्हणून ताट सरकवायची, तिच्यासमोर आधी आम्ही घास खायचो. कुणी थुंकलं, कुणी ओरबाडलं, तरी “आजारी आहे बिचारी” म्हणून सोडून द्यायचो. आपण किती सोशिक आहोत याचा आम्हाला अभिमान होता.

फक्त कोपऱ्यातल्या खाटेवरची ती त्यातून वगळलेली होती.

तीही माझ्याच वयाची. मॅट्रिक झालेली, शहरातली, बोलणं स्वच्छ. सासरच्या गवताच्या गंज्या पेटवल्या म्हणून कोर्टानं पाठवलेली. काचेचा तुकडा, सेफ्टी पिन, काहीही हाताला लागलं की स्वतःच्या दंडावर ओढायची. डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून यायचे. त्यांनी तिच्या फाइलवर पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी मला त्याचा अर्थ सांगितला.

“हिला भास होत नाहीत, आवाज ऐकू येत नाहीत. सगळं कळून-सवरून करते. वेडी नाही, बदमाश आहे. सांभाळून राहा.”

मला वाटलं, मेट्रनबाई जुन्या वळणाच्या आहेत. कारण माझ्याशी ती फार गोड वागायची. माझी साडी नीट नेसलेली आहे की नाही ते सांगायची, मी दमलेली दिसले की इतर बायकांना गप्प बसवायची. एकदा म्हणाली, “सिस्टर, इथे माणूस म्हणून बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच.” दोन महिने मी त्या वाक्यावर तरंगत होते.

मग मी चार दिवसांच्या रजेवर गेले. जाताना तिला सांगायचं राहून गेलं. परत आले त्या दिवशी जेवणाच्या वेळी मी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. तिनं तो घेतला नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमच्या हातचं पाणी आमच्या घरात चाललं नसतं.”

पेला खाली ठेवून मी ड्यूटी रूममध्ये आले.  लहानपणी गावात ऐकलेलं, नर्सिंगच्या होस्टेलवर कुजबुजत ऐकलेलं सगळं तिनं एका वाक्यात बाहेर काढलं होतं. त्या दिवसापासून मी तिचा द्वेष करायला लागले. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. तिनं हाक मारली की हातातलं काम मुद्दाम लांबवायचे.

त्या दुपारी मावशी माझ्यापाशी आल्या. आयाबाईंना सगळ्या हॉस्पिटलांत मावशीच म्हणतात, पण आमच्या वॉर्डात मावशी म्हटलं की त्या एकच. ताम्हिणीकडच्या गावच्या, पन्नाशीच्या, उभ्या बांध्याच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या. अक्षरओळख नव्हती.

“ती तुमाला बोलली ते घाण बोलली,” त्या म्हणाल्या. “मी तिला तसं सांगून आले.”

“काय म्हणाली?”

“काय न्हाई. भात खाल्ला तिनं.”

मला राग आला. असं बोलणाऱ्या बाईला लगेच भात कशाला वाढायचा? मी तसं म्हणालेही. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न खरंच कळला नसावा असं त्यांचं तोंड झालं होतं.

त्यांची एक सवय होती. ड्यूटी संपली की त्या कोपऱ्यातल्या खाटेपाशी उभ्या राहायच्या. “मी निघाले. उद्या सातला येते.” किंवा, “दोन दिस न्हाई. भात काढायचाय. बुधवारी सातला.” आणि बुधवारी सातला यायच्या. ती कधी उत्तर द्यायची नाही. कधी शिवी द्यायची. आम्ही बाकीच्या हसायचो. मावशीच तिला लाडावून ठेवतात असं आमचं ठाम मत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींना तिच्या गादीखाली बांगडीचा तुकडा सापडला. त्यांनी तिच्यासमोरच तो उचलला. “हे मी मेट्रनबाईंकडं देनार,” असं तिला सांगितलं आणि खरंच नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या फेरीत तिनं दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. “मावशीनं मारलं,” म्हणाली. रडली. इतकं खरं रडली की मी स्वतः आदल्या दिवशी तिथे नसते तर माझाही विश्वास बसला असता. तो डाग तिनं खाटेच्या कडेवर दंड आपटून आपटून केला असणार. पण आपटताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि कोर्टाच्या पेशंटची तक्रार म्हणजे कागद हलतातच. चौकशी लागली. मावशींना वॉर्डातून काढून धोबीखान्यात पाठवलं.

त्या संध्याकाळी चहा पिताना आम्ही सगळ्या पेटलो होतो. “दोन शॉक द्या, सरळ होईल,” असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणाले. उपचार हा शब्द तेव्हा माझ्या मनातही नव्हता. मला तिला शिक्षा झालेली हवी होती.

दोन महिन्यांनी चौकशीत काही निघालं नाही. मावशींना विचारलं, कुठल्या वॉर्डात जायचंय? सगळ्यांना वाटलं, त्या पुरुषांच्या बाजूचं स्वयंपाकघर मागतील. त्यांनी आपला जुना वॉर्ड मागितला.

त्या आल्या तेव्हा मी औषधांचा ट्रे घेऊन उभी होते. त्या सरळ कोपऱ्यात गेल्या.

“तू खोटं बोललीस,” मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मला लई राग आला. दोन म्हैनं मी दुसऱ्याच्या चादरी धुतल्या. हात बग माझं.”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“राग हाय अजून. जाईल हळूहळू,” मावशी म्हणाल्या. “आता ऊठ. किती दिस डोकं इंचरलं न्हाईस?”

ती उठली नाही. मावशी खाटेच्या कडेला बसल्या आणि ती पडलेली असतानाच तिच्या केसांतल्या गाठी एकेक करून सोडवायला लागल्या. तासभर लागला. सोलवटलेल्या बोटांनी. माझ्या ट्रेमधल्या गोळ्या वाटायच्या राहून गेल्या होत्या. मी नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, आणि जे मी बघत होते ते मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. राग लपवलेला नाही, आणि तरी हात मऊ. या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

पण पाहिलं म्हणून मी लगेच बदलले असं झालं नाही. हे त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीतलं सांगते त्यावरून कळेल.

लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. मेट्रनबाई रजेवर, डॉक्टर गावाला, हॉस्पिटलची जीप दुरुस्तीला पुण्यात. सकाळी सातला मी ड्यूटी घेतली तेव्हा जाणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, “कोपऱ्यातली कालपासून पोट दुखतंय म्हणते. सणासुदीचं सोंग.” रिपोर्ट बुकातही तसंच लिहिलेलं होतं. मी आठ वाजता पोटदुखीची गोळी घेऊन गेले. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

“आज डॉक्टर नाहीत,” मी म्हणाले. “उगाच तमाशा नको.”

तिनं मुकाट्यानं गोळी घेतली. वाद न घालता तिनं गोळी घेतल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मावशींची बस त्या दिवशी उशिरा आली. साडेनऊला त्या पोचल्या, हातात करंज्यांचा डबा. प्रत्येक खाटेपाशी जाऊन एकेक करंजी देत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तशाच झपाझप ड्यूटी रूममध्ये आल्या.

“बाई, हिला दवाखान्यात न्यायला पायजे.”

“मावशी, तिचं हे काय नवीन आहे?”

“नवीन हाय. आज ती कुणाकडं बघत न्हाई.”

मला कळलं नाही.

“सोंग करती तवा तिचं डोळं आपल्यावर असत्यात,” मावशी म्हणाल्या. “कोन आलं, कोन गेलं, कुनाच्या तोंडावर काय हाय, समदं बगत असती. आज न्हाई बगत. मी करंजी फुडं केली, तरी न्हाई.”

मी गेले. पहिल्यांदा तिच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक. कपाळ भाजत होतं. नाडी मोजता येईना इतकी जलद. मी शिकलेली नर्स, अडीच तास त्या वॉर्डात होते आणि माझा हात तिच्या अंगाला लागला नव्हता. ज्यांना आम्ही वेड्या म्हणायचो त्यांतल्या कुणीही पोट धरलं असतं तर मी धावले असते.

कोर्टाच्या पेशंटला डॉक्टरांच्या लेखी हुकमाशिवाय फाटकाबाहेर काढायचं नाही, असा नियम होता. मी फोनवर बसले. डॉक्टरांच्या घरी घंटा वाजत राहिली, मग लाइनच गेली. मावशी दारात उभ्या होत्या.

“तुमची सही चालंल का?”

“चालेल कदाचित. नोकरी जाईल माझी.”

“जाईल,” मावशी म्हणाल्या. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. “पन सही तुमीच करू शकता. माझा अंगठा चालत न्हाई.”

मला आईचा चेहरा आठवला, एस.टी.वर आलेला वाडा आठवला. मी फाटकाच्या वहीत सही केली. अक्षर वाकडं आलं.

गाडीचा विचार मी करायला लागले तोवर मावशींनी तोही करून ठेवला होता. ताम्हिणीकडून पुण्याला दूध नेणारा टेम्पो साधारण त्याच सुमारास मोठ्या रस्त्यानं जायचा. तो अडवायला त्यांनी पहारेकऱ्याला आधीच पाठवलं होतं. दूधवाल्यानं कॅन एका बाजूला रचले, आम्ही मधे गादी टाकली. नियमाप्रमाणे फाटकावरचा एक पोलीस ड्रायव्हरशेजारी बसला. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला कॅन एकमेकांवर आदळत होते आणि तरी ती ओरडत नव्हती. पिरंगुटच्या घाटात एकदा तिनं डोळे न उघडता विचारलं, “कोण आहे?”

“मी हाय. बाई हायेत.”

“बाई कशाला आल्या?”

“तुला न्यायला,” मावशी म्हणाल्या.

मी कॅनचं झाकण घट्ट आहे का ते बघत राहिले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. ऑपरेशन होईपर्यंत एक फॉर्म भरायचा होता, म्हणून मी तिची फाइल उघडली. तीन वर्षं ती फाइल मी हाताळत होते, पण कायम शेवटच्या पानावर, जिथे आदल्या दिवसाची भांडणं असायची. पहिलं पान त्या दिवशी वाचलं. चौथ्या वर्षी आई गेली. पुढे मामाकडे, मग आत्याकडे, मग मामाच्या मेहुण्याकडे. चौदाव्या वर्षापर्यंत पाच घरं. एका घरात हातावर चटके दिल्याची नोंद, कुणी दिले ते लिहिलेलं नव्हतं. लग्नानंतर नवऱ्यानं दोनदा आणून सोडलेली. सगळं दीड पानात. मी ते पान पुन्हा वाचलं. मला तिची कीव आली असं म्हणता येणार नाही. मी थक्क झाले होते. इतकं होऊन ही जिवंत कशी, आणि हिला अजून कुणाशी गोड बोलावंसं तरी कसं वाटतं?

सर्जन बाहेर आले. “अपेंडिक्स फुटलं होतं. पोटभर पू. वाचेल. किती वेळ ओरडत होती?”

“ओरडत नव्हती,” मी म्हणाले.

“शक्य नाही. असं पोट घेऊन माणूस गप्प राहत नाही.”

 ती रडली की आम्ही काय करायचो हे मला माहीत होतं. तिनं ते रडणंच बाजूला ठेवलं होतं.

नोकरी गेली नाही. मेमो मिळाला, खुलासा लिहिला, आणि डॉक्टर परत आल्यावर त्यांनी त्यावर “योग्य निर्णय” असं लिहून विषय संपवला. त्यात मावशींचं नाव कुठेच आलं नाही. मी घालायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी ती वॉर्डात परत आली. आम्हाला वाटलं, आता तरी मऊ होईल. तिसऱ्या दिवशी तिनं भाताचं ताट मावशींच्या अंगावर भिरकावलं. मावशींच्या कपाळाला कड लागून रक्त आलं. मी धावले, ओरडलेही. मावशींनी पदरानं कपाळ पुसलं, केरसुणी आणली, भात गोळा केला.

“आत्ताचं जेवान झालं तुजं,” त्या तिला म्हणाल्या. “आता सांच्याला सातला.”

आणि संध्याकाळी सातला ताट घेऊन गेल्या. पुन्हा फेकेल म्हणून पत्रावळ नेली नाही, ताट तेच ॲल्युमिनियमचं.

त्यानंतर मी एवढंच ठरवलं की रिपोर्ट बुकात सोंग हा शब्द लिहायचा नाही. जे दिसलं ते लिहायचं. “पोट दुखते म्हणते. हात लावून पाहिले. मऊ आहे.” एवढंच. सुरुवातीला इतर सिस्टर हसल्या. मग लिहायचं म्हणून त्यांनाही हात लावून बघावं लागायला लागलं. तिचं वागणं महिनोन्‌महिने तसंच होतं. तिनं माझ्याविरुद्ध दोन तक्रारी केल्या. कित्येक दिवस मला ती अजिबात आवडायची नाही, आणि तशा दिवशीही मी जायचे, एवढाच फरक.

पाचेक वर्षांनी मावशी निवृत्त झाल्या. तीन महिने आधीपासून त्या तिला रोज दिवस मोजून सांगत होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी उद्याची वेळ सांगितली नाही. “मी आता येनार न्हाई. बाई येत्याल,” म्हणाल्या. आम्ही कात्र्या, पिना, काचा सगळं कुलपात ठेवलं आणि वाट बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ड्यूटी रूमच्या दारात आली. डाव्या दंडावर ओरखडा, रक्त ठिबकत होतं. पत्र्याचा तुकडा उजव्या हातात. तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

“केलं मी हे,” म्हणाली. “पट्टी बांधा.”

आठ वर्षांत ती कधी स्वतः आली नव्हती. प्रत्येक वेळी आम्हीच तिला शोधलं होतं. मी जखम धुतली. माझा हात हलत होता, तिचा स्थिर होता. बांधून झाल्यावर ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली आणि मीही उठले नाही.

पुढच्या वर्षी कोर्टानं तिला सोडलं. पुण्यात बायकांच्या एका आश्रमात शिवणकामाला लागली. ती बातमी सांगायला मी सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीची बस पकडली.

मावशी अंगणात नाचणी वाळवत होत्या. मी सगळं सांगितलं, पट्टीचंही. त्यांनी विचारलं, “खोल व्हती का?” मी नाही म्हटलं. “बरं,” म्हणाल्या आणि नाचणीवरून हात फिरवत राहिल्या.

मग मी इतकी वर्षं मनात असलेलं बोलले. “मावशी, तुम्हाला तिची कधी भीती नाही वाटली. मला त्याचंच नवल वाटायचं.”

त्यांचा हात थांबला.

“भ्या वाटायचं की,” त्या म्हणाल्या. “रोज वाटायचं. वॉर्डाचं दार उगडताना तर लईच. आज काय करंल, काय बोलंल. बसमदी निम्मी वाट मी देवाचं नाव घेत यायची.”

 इतकी वर्षं, रोज सातला. ताटानं कपाळ फुटल्यावर त्याच संध्याकाळी. आणि आम्ही समजत होतो, या बाईला काही वाटतच नाही म्हणून जमतं.

“तिला कधी कळलं असेल?”

“तिला?” मावशी हसल्या. “तिला तर पयल्याच दिशी कळलं. तिच्यापास्नं काय लपतंय! मी दारात आले की माझ्या हाताकडं बगायची, कापतोय का म्हनून.”

“मग?”

“मग काय. त्यावरनं मला टोचून बोलली न्हाई कदी,” मावशी म्हणाल्या, आणि नाचणीवर आलेल्या कोंबडीला हाकलायला उठल्या.